खोक्यातली कोय

ऑकलंडच्या माउंट रॉस्किलला एका लांबलचक ड्राइव्हवेवर दोन घरं आहेत. पुढच्या घरात तांबे राहतात, मागच्यात नेनिता. नेनिता फिलिपाइन्सची, पण असं म्हटलेलं तिला अजिबात खपत नाही. "फिलिपाइन्स केवढा मोठा! मी गिमारासची," असं ती ठणकावून सांगते. गिमारास हा तिच्या देशातला एक प्रांत. अख्खा प्रांत म्हणजे एक बेट आणि अख्खं बेट म्हणजे आंबा. जगातला सगळ्यात गोड आंबा आमचा, हे ती कुणी न विचारताही सांगते.

आता हे वाक्य तिने ऐकवावं कुणाला? तर तांबेकाकांना! मारोती तांबे, जन्म राजापूर तालुक्यातला, उभी नोकरी पोस्टात, पार्सलच्या खिडकीवर. रिटायर झाल्यावर काका आणि नीलाकाकू ऑकलंडला मुलाकडे, मैत्रेयकडे आले. मैत्रेय आणि सून संघमित्रा दोघंही इंजिनिअर. काका तसे शांत गृहस्थ. सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना म्हणावी, बागेतल्या मेथीला पाणी घालावं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हापूसचा विषय निघाला की ती सगळी शांती क्षणात कुठल्या कुठे पळायची.

"सगळ्यात गोड?" काका म्हणाले होते. "बाई, तू हापूस खाल्लायस का कधी?"

"तुम्ही आमचा खाल्लाय?"

दोघांनीही एकमेकांचा आंबा चाखलेला नव्हता. म्हणून भांडण थांबलं असेल असं वाटत असेल तर तुम्ही कोकणी माणूस पाहिलेला नाही. आपला तो बाब्या! ड्राइव्हवेवर भेटले की सुरू. ती कामावर निघालेली असायची, हे कचऱ्याचा डबा आत घेत असायचे, आणि भर थंडीत आंब्यावरून हमरीतुमरी चाललेली असायची.

मग गेल्या हिवाळ्यात नीलाकाकूंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ज्या बाईने लग्नापासून काकांना एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं, ती आता नुसती बघत राहायची. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर सुरुवातीला सरकारकडून केअरर यायची, फिजिओ यायचा. पुढे ते बंद झालं. मुलासुनेच्या नोकऱ्या. काकांना भात लावता यायचा आणि रडता यायचं. ते आळीपाळीने दोन्ही करायचे.

अशा एका सकाळी नेनिता मागच्या दाराने सरळ आत आली. पायात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, खांद्यावर टॉवेल. ती एका वृद्धाश्रमात दुपारपाळीला केअरर होती, हे काकांना ठाऊक होतं. "नानायची अंघोळ मी करते, ताताय," ती म्हणाली. तिच्या भाषेत नानाय म्हणजे आई आणि ताताय म्हणजे वडील. नाना हा पुरुष असतो असा काकांचा आयुष्यभराचा समज, त्यामुळे त्यांना आधी काही कळेचना. त्यांचं 'नको नको' पुरं होईपर्यंत तिने बाथरूममध्ये खुर्ची नेऊन ठेवलीसुद्धा.

तेव्हापासून ती रोज येते. आधी अंघोळ, मग व्यायाम. काकूंच्या उजव्या मुठीत लोकरीचा गुंडा द्यायचा आणि म्हणायचं, "दाब, नानाय, दाब. हा माझ्या सुपरवायझरचा गळा आहे." झटक्यानंतर काकू पहिल्यांदा हसल्या त्या यावर. शब्दही तिनेच परत आणले. ती मुद्दाम मराठी शब्द वाकडेतिकडे म्हणायची. चहाला 'छॅहॅ' म्हणायची, पुन्हा पुन्हा म्हणायची, काकूंच्या अगदी तोंडासमोर. शेवटी एक दिवस काकूंना तो छळ सहन होईना. "चहा!" त्या ओरडल्या. पहिला शब्द! संघमित्रा किचनमध्ये होती, ती ओट्याला धरून रडली. काका तर बागेत निघून गेले आणि मेथीला दुसऱ्यांदा पाणी घातलं.

मैत्रेयने एकदा पाकीट पुढे केलं, तर नेनिताचा चेहरा पडला. "आमच्याकडे कुणाचं बांबूचं घर हलवायचं असलं की सगळं गाव जमतं," ती म्हणाली. "खालून बांबू घालतात आणि घर खांद्यावर उचलून दुसरीकडे नेतात. दाग्याव म्हणतात त्याला. घर उचलल्याचे कुणी पैसे घेतं का?" काकांना गावातली इर्जिक आठवली. तिथेही सगळे मिळून एकाचं शेत नांगरायचे. त्यांच्या वडिलांना बैल हाकायला बोलवायचे आणि जेवायला मात्र वेगळं बसवायचे. नेनिताने पहिल्याच दिवशी काकांच्या ताटातली भाकरी मोडून घेतली होती आणि वर "मीठ कमी आहे" असंही म्हणाली होती. काकांनी त्या दिवशी मनोमन तिला लेक म्हटलं.

बरं, काही घेईल तर शपथ. साडी नको, पाकीट नको. घ्यायची फक्त डबा. बुद्धपौर्णिमेची खीर गेली, भरली वांगी गेली, आणि डबा कधी रिकामा परत आला नाही. आपल्याकडची रीत, पण तिला ती शिकवावी लागली नाही. आपल्या डब्यात तिचा नारळ घातलेला तांदळाचा केक यायचा. म्हणजे फिटायचं दूरच, उलट हिशेब चढतच जायचा.

एकदा काकूंच्या बोटांचा व्यायाम घेता घेता वडिलांचा विषय निघाला. नेनिताचे वडील दुसऱ्याच्या आमराईत झाडाखाली धूर करायचे. धूर दिला की झाड मोहरतं, ही तिकडची रीत. फळ धरलं की झाडावरच एकेका आंब्याला कागदाची पिशवी चढवायची, माशी लागू नये म्हणून. लहानपणी नेनिता आणि तिची भावंडं जुन्या टेलिफोन डिरेक्टरीची पानं चिकटवून त्या पिशव्या करायची. "सगळ्या शहराचे नंबर आम्ही आंब्यांना गुंडाळले," ती हसून म्हणाली. "आणि आमच्या घरात फोन नव्हता!" चांगला आंबा पेटीत बसून परदेशी जायचा. डागी तेवढा घरी.

 मग काकांनी, मुलालाही कधी सांगितलं नव्हतं ते, तिला सांगितलं. "माझे वडील बागेचे राखणदार. रात्रंदिवस माकडं हाकायचे. फळ मालकाचं आणि मालकाकडच्या जेवणावळीतल्या कोयी आमच्या. आई त्या फोडून आतला गर उकडायची, मीठ लावून वाळवायची. पावसाळ्यात तेच खायचो. हापूस खाल्ला तो पोस्टात लागल्यावर, पहिल्या पगारात."

 नेनिताने काकांचा हात उचलला आणि आपल्या कपाळाला टेकवला. वडीलधाऱ्यांना नमस्कार करायची तिच्या बेटावरची पद्धत. काकू बघत होत्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

गिमारास चालतं ते दोन गोष्टींवर, आंब्यावर आणि बाहेर गेलेल्या माणसांवर. घरटी एक माणूस तरी समुद्रापलीकडे. कुणी जहाजावर, कुणी आखातात, कुणी ऑकलंडला म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला. नेनिताच्या नोकरीवर तिच्या वडिलांनी म्हातारपणी का होईना स्वतःचा जमिनीचा तुकडा घेतला आणि त्यात आंब्याची झाडं लावली. आणि या बाहेर गेलेल्या माणसांचं एक ठरलेलं दैवत असतं: खोकं! नेनिताच्याही हॉलच्या कोपऱ्यात कमरेएवढं पुठ्ठ्याचं खोकं वर्षभर उभं. दर आठवड्याला त्यात काहीतरी पडतं. साबण, टूथपेस्ट, चॉकलेटं, बीफचे डबे, सेलमधले टॉवेल. भाचरांचे बूट घ्यायचे तर त्यांची पावलं कागदावर आखून फोटो येतात. खोकं भरलं की कार्गोवाले नेतात, बोटीने दोन-अडीच महिन्यांनी ते बेटावर पोचतं आणि उघडताना सगळी आळी गोळा होते.

पार्सल म्हटल्यावर काकांच्या अंगात वारं शिरलं. यंदाचं खोकं मी बांधणार, त्यांनी जाहीर केलं. आणि काय बांधलं! टॉवेलच्या घड्यांत डबे, डब्यांच्या फटीत मोजे. वरून सुतळीची चौकडी आणि त्यावर पोस्टातली खास गाठ. नेनिता कौतुकाने बघत राहिली. "ताताय, यू आर हीप्स गुड," ती इथल्या बोलीत म्हणाली, म्हणजे लई भारी, आणि काका लाजले.

त्याच सुमारास इंडियन दुकानात हापूस आला. काकांनी पेटी उचलली, किंमत संघमित्राला सांगितली नाही, आणि पहिला आंबा कापून नेनितापुढे ठेवला. वर्षभराच्या भांडणाचा निकाल! नेनिताने फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, सावकाश खाल्ली. काका श्वास रोखून उभे.

"छान आहे," ती म्हणाली. "दुसरा नंबर."

"दुसरा?" काका ओरडले. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पण त्या आंब्याची कोय काकांनी टाकली नाही. धुतली, खिडकीत वाळवली. कोयीपासून हापूस होत नाही, त्याला कलमच लागतं, हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. रायवळ निघेल तर निघेल! पण आपल्या वडिलांना जन्मात स्वतःचं एक झाड लावायला मिळालं नाही, आणि तिकडे तसाच एक म्हातारा आहे, त्याच्याकडे आता स्वतःची जमीन आहे. त्याच्या दारात आपलं झाड उभं राहिलं तर? त्याच्या लेकीने आपल्या घरावर केलेले उपकार तर फिटत नाहीत. निदान सावली तरी त्याला मिळू दे. विचार असा गोड की काका स्वतःच त्यावर खूश झाले.

विचारलं तर नेनिता नको म्हणणार, हे नक्की. म्हणून खोकं बंद करायच्या दिवशी, ती आत चिकटपट्टी आणायला गेली तेव्हा, काकांनी कागदात गुंडाळलेली कोय एका मोज्यात घातली आणि मोजा तिच्या वडिलांसाठी घेतलेल्या गमबुटाच्या टोकाशी कोंबला. काकू शेजारी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं.

"नको," काकू म्हणाल्या.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. ज्या माणसाने उभी हयात खिडकीवर बसून लोकांना 'आत काय आहे? बी-बियाणं चालणार नाही!' म्हणून दरडावलं, तोच माणूस हा. आता बोला!

खोकं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा हात चोळता चोळता नेनिता एकटीच हसायला लागली. "माझ्या भावाने काल काय केलं ठाऊक आहे, ताताय? पाद्र्याच्या पिशवीतला आंबा जप्त केला!"

"जप्त? का बरं?"

"का म्हणजे? त्याची नोकरीच ती! धक्क्यावर बोटी लागतात तिथे तो उभा असतो. बेटावर बाहेरचा आंबा आणायला बंदी आहे. फळ नाही, रोप नाही, कोयसुद्धा नाही. एक किडा असतो, कोयीत लपून बसतो, बाहेरून काही दिसत नाही. आमच्या बेटावर तो नाही म्हणून तर आमचा आंबा परदेशात जातो. तो शिरला की संपलं सगळं. बागा संपल्या, बेट संपलं." आणि मग अभिमानाने, "माझा भाऊ स्वतःच्या सासूलाही सोडत नाही. आमचं खोकं आलं तरी आळीसमोर आधी स्वतः तपासतो. नाहीतर लोक म्हणतील, बहिणीचं खोकं म्हणून सोडलं."

काका भिंतीला धरून खाली बसले.

"काय झालं, ताताय? बीपी?"

"काही नाही, काही नाही. जरा चक्कर."

डोक्यात भिरभिरायला लागलं. कोय सापडली तर तो भाऊ सगळ्या आळीसमोर तोंडघशी पडणार, नोकरीही जाईल. आणि नाही सापडली तर? बुटातून कोय निघेल, म्हातारा ती मायेने मातीत पुरेल, आणि आत काही असलंच तर? पण इथल्या सरकारने तपासूनच आत घेतलेला आंबा, त्यात कसला आलाय किडा! गप्प बसावं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. असं मनात म्हणून काका उठले, चहा ठेवायला वळले, आणि त्यांना काकू दिसल्या. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या.

"सांगा," काकू म्हणाल्या.

काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काकूंनी डावा हात खुर्चीवर आपटला.

"सांगा!"

तो शब्द ज्या बाईने परत मिळवून दिला होता, तिच्याचसाठी तो खर्च होत होता. काकांनी सांगितलं. मान खाली घालून, तुटक्या इंग्रजीत, सगळं सांगितलं.

नेनिताच्या तोंडावरचं हसू गेलं. तिला रागावलेलं काकांनी कधी पाहिलं नव्हतं. "कुठे आहे?" तिने विचारलं.

"उजव्या गमबुटात."

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. तू काही घेतच नाहीस, पोरी. आम्ही नुसतं घेतच राहायचं का? आमच्या जिवालाही काही वाटतं की नाही?"   नेनिताने फोन काढून कार्गोवाल्यांना लावला. खोकं ऑकलंडमधल्याच माउंट वेलिंग्टनच्या गोदामात होतं आणि दुपारी कंटेनर बंद होणार होता.

संघमित्रा त्या दिवशी घरूनच काम करत होती. मीटिंगमधून उठून ती बाहेर आली, सगळं ऐकलं, लॅपटॉप मिटला आणि गाडीची किल्ली उचलली. "बसा गाडीत, बाबा! उभा जन्म पोस्टात काढलात आणि स्मगलिंग सुरू केलंत ते न्यूझीलंडला येऊन!" शेजारच्या बाईला काकूंजवळ बसवून तिघं निघाली. रस्ताभर संघमित्रा सासऱ्याला झापत होती, काका "होय बाळ, होय बाळ" करत होते आणि नेनिता खिडकीबाहेर बघत होती.

गोदामात खोक्यांचा डोंगर. सगळी एका रंगाची, एका मापाची. तिथला माणूस म्हणाला, शोधा तुम्हीच, पण लवकर. काका पोस्टातल्या पावलांनी रांगेतून चालत गेले आणि एका खोक्यापाशी थांबले. गाठ! ही गाठ त्या गोदामात दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं. सुतळी सोडली, पट्टी कापली, गमबूट बाहेर आले, मोजा बाहेर आला, आणि कोय नेनिताच्या तळहातावर आली. तिने ती पिशवीत घातली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, आणि मगच पहिल्यांदा मोठा श्वास सोडला.

सामान परत भरलं, पण एका कोपऱ्यात पोकळी राहिली. घाईत भरलेलं पार्सल कधी पहिल्यासारखं बसत नाही. कामगार घड्याळ दाखवत होता.

"रिकामी जागा ठेवून खोकं पाठवत नाहीत," नेनिता म्हणाली. "आमच्यात ते वाईट दिसतं. पाठवणाऱ्याचा हात आखडला असं म्हणतात." मग तिने काकांकडे पाहिलं. आवाजातला राग अजून गेला नव्हता. "तुम्हाला माझ्या तातायला काही द्यायचं होतं ना? द्या आता. माझ्यासमोर द्या."

काकांनी खिसे चाचपले. रुमाल, बसचं कार्ड, चष्म्याची डबी. मग त्यांचा हात डोक्याकडे गेला.

डोक्यावर कानटोपी होती. तपकिरी लोकरीची. नीलाकाकूंनी झटक्याच्या आधी विणलेली, त्यांच्या हातची शेवटची वस्तू. काका ती झोपतानाही काढत नसत. संघमित्राला मशीनमध्ये टाकू देत नसत. स्वतः बेसिनमध्ये धुवायचे आणि वाळेपर्यंत शेजारी बसायचे. त्यांनी ती काढली, नीट घडी केली आणि कोपऱ्यात ठेवली. पोकळी अगदी बरोबर भरली.

"बाबा!" संघमित्रा म्हणाली.

नेनिताने ती चटकन उचलून परत त्यांच्या हातात दिली. राग कुठे गेला कुणास ठाऊक. "नको, ताताय. ही नानायची आहे. ही नको."

"रद्दीतलं देऊ का तुझ्या बापाला?" काका चिडले. "माझ्याकडे जे सगळ्यात चांगलं आहे तेच देतोय. घे म्हणतो ना!"

"पण तिथे थंडीच नसते हो!"

"मग उशाला घेऊ दे!"

खोकं बंद झालं. काकांनी गाठ मारली आणि तिथेच एका पालथ्या क्रेटवर बसले. उघड्या डोक्याला वारा झोंबत होता. नेनिताने आपला स्कार्फ काढून त्यांच्या डोक्याला गुंडाळला, आपल्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना गुंडाळत असेल तसा.

घरी आल्यावर कोयीचा निकाल लावायचा होता. "उकडा," नेनिता म्हणाली, "किड्याचा बाप असला तरी मेला पाहिजे." काकांनी कोय फोडून गर कुकरला लावला, भरपूर शिट्ट्या केल्या, पातळ कापून मीठ लावलं. आईची कृती हात विसरले नव्हते. सगळ्यांनी एकेक तुकडा तोंडात टाकला. संघमित्राने तोंड वाकडं केलं. नेनिता मात्र चघळत राहिली.

"कोय पहिला नंबर," ती म्हणाली. तेव्हा कुठे काकांच्या जिवात जीव आला.

राहता राहिल्या काकू. त्यांनी स्कार्फ पाहिला, खाली कानटोपी नाही हे पाहिलं, आणि भुवया वर केल्या. काकांनी सांगितलं. काकूंनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि त्या दिवशी नंतर एकही शब्द बोलल्या नाहीत. काकांना ती रात्र फार जड गेली. टोपी दिली हे चूक का बरोबर, हे त्यांना कुणाला विचारताही येईना. मैत्रेयने मॉलमधून एक महागडी टोपी आणून दिली. ती त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि हिवाळा स्कार्फवर काढला.

ऑगस्टमध्ये एका रविवारी नेनिता धावत आत आली, हातात फोन. "पोचलं! खोकं पोचलं!" सगळे काकूंच्या खुर्चीभोवती जमले. पडद्यावर माणसंच माणसं, पोरं साबणाचे वास घेतायत, कुणी चॉकलेटवरून भांडतंय, मागे आंब्याची झाडं, पाऊस नुकताच पडून गेलेला आणि ऊन असं की सगळ्यांचे चेहरे चकाकत होते. आणि मधोमध खुर्चीवर एक वाळका म्हातारा, अंगात बनियन, पायात गमबूट, डोक्यावर तपकिरी कानटोपी. हनुवटीखाली पट्टा घट्ट बांधलेला. घाम टोपीतून गळत होता, कपाळावरून, नाकावरून.

"सकाळपासून काढत नाहीयेत," नेनिताचा भाऊ फोनमध्ये ओरडला. "आम्ही म्हटलं, उकाड्याने मराल! तर म्हणतात, त्या माणसाने स्वतःच्या डोक्यावरची काढून दिलीय, मी काढणार नाही."

म्हातारा फोनजवळ आला. तो काहीतरी बोलला आणि नेनिताने ते सांगितलं. "ते म्हणतात, माझ्या लेकीला तिकडे बाप मिळाला, हे मला ठाऊक होतं. टोपी कुणी विणली, तिला मला बघायचंय."

नेनिताने फोन काकूंपुढे धरला. म्हाताऱ्याने टोपीवर हात ठेवला आणि मान लववली. काकू बघत राहिल्या, त्या टोपीकडे, त्या घामाकडे, त्या गमबुटांकडे. मग त्यांच्या खांद्यापासून हसू सुटलं आणि ते थांबेचना, डोळे वाहायला लागले तरी थांबेना. काका घाबरून पाणी आणायला उठले, तर काकूंनी त्यांची बाही धरली. उजव्या हाताने धरली.

"दुसरी," काकू म्हणाल्या. पुढचा शब्द यायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही. नेनिताने सगळ्यांना डोळ्यांनी दटावून गप्प ठेवलं होतं.

"दुसरी विणते."

दोन शब्द! त्या वर्षातलं पहिलं अख्खं वाक्य. नेनिताने फोन संघमित्राच्या हातात कोंबला आणि व्यायामाचा तो लोकरीचा गुंडा काकूंच्या मांडीवर ठेवला.  तांबेकाका खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले, डोक्याचा स्कार्फ सोडला आणि मापाला डोकं पुढे केलं.